लाभार्थी जेवत नाही

मूल काय खातं यावरून आईबापांची ऐपत कळते, आणि मूल काय खात नाही यावरून त्यांची लायकी. ऐपत झाकता येते. लायकी मात्र पाहुण्यांसमोर ताटाच्या कडेला ढीग करून मांडलेली असते.

स्नेहलतागंजमध्ये राहणाऱ्या देवेंद्र दफ्तरदारला हे सत्य एका रविवारी सकाळी पोह्यांची दुसरी प्लेट संपता संपता कळलं. (इंदुरात बहुतेक सत्यं दुसऱ्या प्लेटीवरच कळतात. पहिलीच्या वेळी माणसाचं लक्ष नसतं.)

दफ्तरदारांचं घराणं कागदाचं. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात नक्कलनवीस म्हणून आले आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहीत राहिले. आजोबांनी हेच काम गिरणीच्या कचेरीत केलं, वडिलांनी, म्हणजे नानांनी, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. देवेंद्र एका सरकारी महामंडळात प्रशिक्षण अधिकारी झाला आणि तेच काम प्रोजेक्टरवर करू लागला. त्याचा खास विषय ‘बदलाचा स्वीकार’. नऊ वर्षांत त्याने चार हजार दोनशे कर्मचाऱ्यांना बदल स्वीकारायला शिकवलं. शेवटी भरून घेतलेल्या फॉर्मांनुसार त्यातल्या शहाण्णव टक्क्यांना चहा आवडला.

तर त्या रविवारी, दुसरीत शिकणाऱ्या निधीच्या दप्तरातून शाळेचा एक कागद निघाला. ‘आपका बच्चा क्या-क्या खाता है? सूची दें. न्यूनतम बीस.’ देवेंद्रने पेनचं टोपण काढलं, निधीला समोर बसवलं आणि लिहायला घेतलं. पोहे. बारीक सेव. लवंगी सेव. लसणाची सेव. जलेबी. साखर घातलेलं दही. केळं (डाग नसलेलं). साधा पराठा. बटाटा. पनीर. वरण-भात (वरणात काहीही दिसता कामा नये).

मग पेन थांबलं.

“अजून?” देवेंद्रने विचारलं.

“बस,” निधी म्हणाली. “इतकंच खाते मी.”

“अकराच होतायत. तेही सेव तीनदा धरून.”

“सेवचे अजून सात-आठ प्रकार निघतील की,” देवेंद्रची बायको निवेदिता ओट्याजवळून म्हणाली. “आणि पोह्यांवर भुरभुरायचं जिरावन राहिलं. जिरावन लिही.”

“पाणी लिही,” नानांनी पेपरमागून सुचवलं.

देवेंद्र हसला नाही. भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये चारशे पोरांना केमिस्ट्री शिकवणाऱ्या बाईला आणि पेन्शनीत निघालेल्या पार्सल क्लार्कला या गोष्टीचं गांभीर्य कळणं शक्य नव्हतं. ज्या माणसाने चार हजार दोनशे लोकांना बदल शिकवला, त्याची मुलगी अकरा पदार्थांवर थांबली होती. त्याने वर्गशिक्षिकेला फोन केला आणि मार्चअखेर सुधारित सूची सादर करण्याची मुदत मागून घेतली. बाईंनी दिली. (नंतर कळलं, की बाकीच्या पालकांनी गूगलवरून वीस पदार्थ उतरवून दिले होते.)

पुढच्या आठवड्यात ‘नवपदार्थ परिचय कार्यक्रम’ कागदावर उतरला. पानं चौदा, सहपत्रं तीन. देवेंद्रने मोबाइलवर एक लेख वाचला होता. त्यात म्हटलं होतं, की अनोळखी पदार्थ मुलासमोर पंधरा वेळा आला, की मूल तो स्वीकारतं. बारा पदार्थ निवडले. बारा गुणिले पंधरा, एकशे ऐंशी दर्शनं. दिवसाला दोन धरली तर नव्वद दिवस. एक जानेवारीला सुरू केलं तर बरोब्बर एकतीस मार्चला संपतं. सरकारी नोकरीत एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाने कुठलंही गणित केलं, तरी उत्तर एकतीस मार्चच येतं.

प्रत्येक पदार्थाचे टप्पे सात होते: दर्शन, सान्निध्य, स्पर्श, गंध, जिव्हास्पर्श, चर्वण आणि अंतर्भाव. अंतर्भाव म्हणजे गिळणं, पण तो शब्द सहपत्रात बरा दिसला नसता. प्रत्येक टप्प्यापुढे रकाना, रकान्यापुढे तारीख, आणि शेवटी लाभार्थीची सही. लाभार्थी म्हणजे निधी. तिला नुकतंच जोडून लिहायला शिकवलं होतं, त्यामुळे सही करायला ती एका पायावर तयार होती. कार्यक्रमाचा हा भाग शंभर टक्के यशस्वी झाला, हे इथेच नमूद केलेलं बरं. पुढे तशी संधी मिळणार नाही.

पहिला नंबर ब्रोकोलीचा लागला.

लेखात ‘पंधरा वेळा दाखवा’ असं होतं. पंधरा तुकडे दाखवा असं नव्हतं. तेव्हा देवेंद्रने एकच तुकडा एका पारदर्शक डबीत घातला, वर ‘नमुना क्र. १’ अशी चिठ्ठी लावली आणि फ्रिजमध्ये ठेवला. सकाळ-संध्याकाळ डबी टेबलावर यायची, झाकण उघडायचं, निधी बघायची, सही करायची. तिसऱ्या दिवशी तिने त्याला ‘ब्रोकू’ म्हणायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी शाळेत जाताना फ्रिज उघडून “बाय ब्रोकू” म्हणाली. देवेंद्रने नोंद केली: ‘लाभार्थीकडून स्वयंस्फूर्त प्रतिसाद. अत्यंत आशादायक.’ पाचव्या दिवशी तिने डबीत कापूस घातला, कारण ब्रोकूला फ्रिजमध्ये थंडी वाजत होती.

आठव्या दिवशी पंधरावं दर्शन झालं. ब्रोकू एव्हाना पिवळा पडला होता. ठरल्याप्रमाणे देवेंद्रने ताजी ब्रोकोली वाफवून, मीठ-मिरी घालून ताटलीत आणली.

निधीने डबीकडे पाहिलं, मग ताटलीकडे. “हा कोण? ब्रोकूचा भाऊ?”

“अगं, हा खायचा. आता तुझी ओळख झाली ना?”

“झाली ना.” तिचे डोळे भरून आले. “ओळखीच्यांना खातात का, बाबा?”

त्या दिवशीची नोंद अशी: ‘परिचय: पूर्ण. अंतर्भाव: शून्य.’ संध्याकाळी ब्रोकूला बाल्कनीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरण्यात आलं. निधीने फुलं वाहिली. नाना टोपी घालून हजर राहिले.

दुसरा अवोकाडो. हे फळ लोण्यासारखं असतं असं देवेंद्रने घरी जाहीर केलं होतं. ते दगडासारखं निघालं. नानांनी आधी त्याला बेलफळ समजून देवापुढे ठेवलं, मग पेपर उडू नये म्हणून पेपरावर. पिकावं म्हणून तांदळाच्या डब्यात घातलं, तर एके दुपारी कुणाचं लक्ष नसताना ते पिकलं, आणि त्याच दुपारी सडलंही. दुसरं आणलं. ते वेळेवर कापलं, चमच्यात घेतलं, आणि देवेंद्रने निधीपुढे धरलं.

“आधी तुम्ही खा ना, बाबा.”

“बेटा, मी योजनेचा अधिकारी आहे. लाभार्थी तू आहेस.”

“लाभार्थी मतलब?”

“ज्याचं भलं करायचं असतं तो.”

निधीने जरा विचार केला. “मग त्याला विचारत नाहीत का?”

ही सूचना देवेंद्रने ‘अन्य विषय’ या रकान्यात नोंदवली. (‘अन्य विषय’ या रकान्यावर कार्यवाही करण्याची पद्धत नाही.) नंतर ओट्यापाशी, कुणी बघत नाही अशी खात्री करून, त्याने चमचा जिभेच्या टोकाला लावला आणि तीन चुळा भरल्या. ही गोष्ट रजिस्टरात नाही.

रजिस्टरात आणखीही एक गोष्ट नव्हती. दफ्तरदारांच्या घरी भाज्या चारच यायच्या: बटाटा, फुलकोबी, भेंडी आणि मटार. बाकीच्या का येत नाहीत, हे कुणी विचारत नसे, कारण सगळ्यांना माहीत होतं. देवेंद्र त्या खात नसे. ही माहिती अहवालात दडवली होती असं म्हणता येणार नाही. अहवालात ती मागितलेली नव्हती.

तिसरा पदार्थ झुकिनी. तिला बघून नाना म्हणाले, “ही तर आपली गिलकी. सूट घालून आलीय.” देवेंद्रने त्यांना गिलकी आणि झुकिनीतला फरक वीस मिनिटं समजावला. गिलकी (म्हणजे घोसाळी) त्याने आयुष्यात कधी तोंडात घातली नव्हती, त्यामुळे फरक समजावताना त्याला कुठे अडायला झालं नाही.

फेब्रुवारी उजाडला तरी सूची अकरावरच होती. तेव्हा, वरिष्ठ पातळीवर (म्हणजे आंघोळ करताना) निर्णय झाला, की आता ‘गुप्त अंतर्भाव’ सुरू करावा. निधी साधा पराठा खाते. साध्या पराठ्यात बीट किसून घातलं तर ती बीट खाईल, आणि नंतर तिला सांगता येईल, की बघ, खाल्लंस की नाही! तर्कात खोट काढायला जागा नव्हती. पराठा गुलाबी झाला.

निधीने पराठा दोन्ही हातांनी उचलला आणि ट्यूबलाइटसमोर धरला, जसं नाना पूर्वी नोटा धरायचे. मग तो हळूच ताटात ठेवला. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, “तुम्ही पराठ्यात छुपवलं.”

त्या दिवसापासून पराठा सूचीतून गेला. मग तिने वरण-भात चमच्याने उकरून बघायला सुरुवात केली, आणि आठवड्याभरात तोही गेला. दह्याच्या तळाशी काही असेल म्हणून दही गेलं. पनीर आतून पांढरंच आहे याची खात्री होईना म्हणून पनीर गेलं, आणि बटाट्याचं सोललेलं रूप संशयास्पद ठरलं. उरले सहा: पोहे, तीन प्रकारची सेव, जलेबी आणि केळं, जे सोलेपर्यंत कुणी आत शिरू शकत नाही. कार्यक्रमाच्या पहिल्या दोन महिन्यांत लाभार्थीच्या आहारात उणे पंचेचाळीस टक्के वाढ झाली.

मग ती रात्रीच्या जेवणालाच बसेना. “भूक नाही,” म्हणायची आणि संध्याकाळी वरच्या मजल्यावर शोभना आंटीकडे पोपट बघायला पळायची. शोभना पाटीदार चौथ्या मजल्यावर राहायच्या. सांवेरकडच्या खेड्यातून इंदुरात येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती, पण आवाज अजून शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायचाच होता. दिवसातून एकदा तरी पोपट बघितल्याशिवाय निधीला करमेना. देवेंद्रने याची नोंद ‘प्राणिप्रेम’ अशी केली.

एका संध्याकाळी निवेदिता क्लासवरून आली, पर्स खुंटीला लावली आणि रजिस्टर आखत बसलेल्या देवेंद्रसमोर खुर्ची ओढून बसली.

“एक बोलू? तुझ्या लक्षात आलंय का, तू घरी आलास की निधी आधी तुझ्या हाताकडे बघते. मग तोंडाकडे.”

“हाताकडे?”

“पिशवीत काय आणलंय ते. पूर्वी दार वाजलं की धावत यायची. आता पडद्यामागून बघते.”

“मी तिच्या भल्यासाठीच करतोय ना, यार.”

“हाओ, ते माहीत आहे मला. मोल कॉन्सेप्ट काढला की माझी पोरंपण अशीच बघतात. पण मी त्यांच्या तोंडाजवळ चमचा नेत नाही.” ती उठली. “सात वर्षांची आहे ती, देवेंद्र. तुझ्या महामंडळाची कर्मचारी नाही.”

देवेंद्रने पेन उचललं. पडद्यामागून बघते, हे कुठल्या रकान्यात लिहावं ते त्याला कळेना. बराच वेळ त्याने रजिस्टरची पानं मागेपुढे केली. सगळ्या पानांवर तिची सही होती, पहिल्या पानावर मोठी, ऐटबाज. शेवटच्या पानावर नुसती एक वळवळती रेघ.

पण माणूस पडला दफ्तरदार. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी सातच्या सुमाराला, त्या दिवशीचं दुसरं दर्शन राहिलं म्हणून तो निधीला आणायला वर गेला.

शोभनाबाईंचं दार नेहमीप्रमाणे उघडंच होतं. देवेंद्र चपलांपाशी थांबला. आत, जमिनीवर, भिंतीला टेकून निधी बसली होती आणि पुढ्यात ताट होतं. ज्वारीची भाकरी, भरलेलं कारलं, कसलीशी हिरवी भाजी, गुळाचा खडा. निधीने कारल्याचा घास घेतला. तोंड वेडंवाकडं केलं. गूळ चाटला. आणि पुन्हा कारल्याचा घास घेतला.

कुणी “शाब्बास” म्हटलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. खरं म्हणजे कुणी बघतच नव्हतं. शोभनाबाई भाकरी थापता थापता स्पीकरवर बहिणीशी देवासच्या एका लग्नाबद्दल बोलत होत्या आणि त्या लग्नात सगळ्यांचं चुकलं होतं. पोपट पाठ फिरवून बसला होता.

देवेंद्रला आधी आनंद झाला नाही. आधी राग आला. एकशे साठ दर्शनं त्याने घडवली आणि कारलं खायला ही इथे येते! मग त्या रागाची लाज वाटली. मुलगी जेवतेय, आणि बापाला वाईट वाटतंय, हा क्रम त्याच्या कुठल्याही मॉड्यूलमध्ये बसत नव्हता.

तेवढ्यात शोभनाबाईंनी वर पाहिलं. “अरे देवेंद्र भिया! बाहर क्यों खड़े हो? आओ, बैठो. गरम है.”

“नहीं भाभीजी, मैं तो बस निधी को...”

“बैठो तो सही.”

त्यांच्यापुढे ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. विचारलं असतं तर देवेंद्र नाही म्हणाला असता. त्यांनी विचारलंच नाही. ताट आलं. भाकरी आली, भाजी आली. शोभनाबाई पुन्हा देवासच्या लग्नात गेल्या. निधीने बापाकडे एकदा पाहिलं आणि जराशी सरकून भिंतीला टेकायला जागा करून दिली.

देवेंद्रने कारल्याला वळसा घालून हिरव्या भाजीपासून सुरुवात केली. एक घास घेतला. दुसरा घेतला. मुगाची डाळ, लसणाची फोडणी, आणि पानांना काहीतरी वेगळीच, जरा रानटी चव. भाकरी संपली तेव्हा भाजीही संपली होती, आणि तो म्हणाला, “थोड़ी और मिलेगी, भाभीजी?” ती संपल्यावर त्याने अजून थोडी मागितली. मग सहज विचारलं, “कौन सी सब्जी है ये?”

“सुआ. मूँग की दाल डाल के.”

निधी ताटातून वर न बघता म्हणाली, “मतलब शेपू. नाना त्याला शेपू म्हणतात.”

देवेंद्रचा घास हातात राहिला.

वयाच्या नवव्या वर्षी त्याने शेपूचा पहिला घास थुंकून टाकला होता, नाक दाबून ताटावरून उठला होता आणि जाहीर केलं होतं, की या वासाने आपल्याला ओकारी येते. त्यानंतर तेहतीस वर्षं दफ्तरदारांच्या घरात शेपूची काडी आली नव्हती. लग्न ठरताना निवेदिताला त्याने आपल्याबद्दल दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या होत्या: नोकरी बदलीची नाही, आणि शेपू चालत नाही. आणि आता त्याच शेपूची तिसरी वाढ त्याच्या ताटात होती. मागून घेतलेली.

“नाना इथे येतात?” त्याने विचारलं.

“नानाजी? वो तो हर गुरुवार,” शोभनाबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या. “और निवेदिता मंगल को, क्लास से लौटते में. करेला बहुत पसंद है उसको. आपके यहाँ से सब आते हैं, भिया. मैं तो सोचती थी, आप ही नाराज़ हो हमसे.”

खाली आल्यावर देवेंद्रने चौकशी सुरू केली. ती साडेतीन मिनिटं चालली.

“मंगळवारी तू उशिरा येतेस. ट्रॅफिक असतं म्हणालीस.”

“असतंच ट्रॅफिक,” निवेदिता म्हणाली. “आपल्या जिन्यात.” आणि तिला हसू आवरेना.

“आणि नाना, तुम्ही गुरुवारी दत्ताच्या देवळात जाता ना?”

“जातो की. येताना वर जातो.”

“चौथ्या मजल्यावर? तुमचे गुडघे दुखतात म्हणून मी तुम्हाला भाजी आणायला पाठवत नाही!”

“शेपूसाठी चढवतं,” नाना म्हणाले. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. नानांनी पेपर बाजूला ठेवणं ही या घरात वर्षातून एखाद वेळा घडणारी गोष्ट होती. “इंदूला फार आवडायची. तिच्या माहेरी आठवड्यातून दोनदा व्हायची शेपू. तू ताटावरून उठलास, तेव्हापासून तिने आणली नाही. पोराला वास लागतो म्हणायची.”

इंदुमती, देवेंद्रची आई, जाऊन सहा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत आईला काय आवडत होतं, हा प्रश्न देवेंद्रला पडला नव्हता. तिला सगळंच आवडतं, असा त्याचा समज होता, कारण ती काहीच बाजूला काढत नसे.

“मग तुम्ही कधी बोलला का नाहीत, नाना?”

“कुठे बोलायचं? तेव्हा रजिस्टर नव्हतं.”

निवेदिताचं हसू थांबलं. देवेंद्र म्हणाला, “पण आईने मला परत कधी दाखवली नाही. पंधरा वेळा दाखवली असती तर...”

“एकदाच दाखवली,” नाना म्हणाले. “तू नाही म्हणालास. ती ‘बरं’ म्हणाली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर नोंद झाली: ‘कार्यक्रम मुदतीपूर्वी बंद करण्यात येत आहे. लाभार्थी पात्र आढळला. अधिकारी अपात्र.’ खाली देवेंद्रने सही केली. निधीने विचारलं, माझी पण करू? तो म्हणाला, “कर, पण वाटलं तरच.” तिने मोठी, ऐटबाज सही केली आणि शेजारी एक ब्रोकोली काढली.

त्या रविवारी देवेंद्र स्वतः जाऊन शेपूच्या दोन जुड्या घेऊन आला. कुठली जुडी चांगली ते त्याला कळत नव्हतं, तेव्हा त्याने भाजीवालीला सांगितलं, “तुम्हीच द्या.” बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात भाजीच्या बाबतीत त्याने दुसऱ्यावर टाकलेला हा पहिला भरवसा. घरी निधी आणि तो वर्तमानपत्र पसरून निवडायला बसले. निधी पानं ठेवत होती आणि काड्या टाकत होती. तो काड्या ठेवत होता आणि पानं टाकत होता, हे तिने अर्ध्या तासाने दाखवून दिलं. मुगाची डाळ भिजवायची राहिली होती. मीठ दोनदा पडलं. फोडणीतला लसूण काळा झाला आणि धूर वरच्या मजल्यावर पोचला, तेव्हा शोभनाबाईंनी गॅलरीतून वाकून विचारलं, “क्या जला दिया, भिया?”

जेवायला चौघे एकत्र बसले, महिन्याभरात पहिल्यांदा. नानांनी घास घेतला, डोळे मिटले, पुष्कळ वेळ चावला आणि म्हणाले, “इंदूची अशी होत नसे.” मग दुसरा घास घेतला. निवेदिता पाणी पीत पीत खात होती.

देवेंद्रने निधीच्या ताटात वाढण्यापूर्वी विचारलं, “तुला?”

“मला आंटीची आवडते. ही नको.”

देवेंद्रच्या तोंडाशी पुष्कळ वाक्यं आली. आपण हाताने निवडली, बाबांनी स्वतः केली, एकच घास, फक्त चव, नाही आवडली तर नको खाऊस. ती सगळी त्याने गिळली. (सातवा टप्पा अखेर कार्यक्रमात कुणीतरी पूर्ण केला.)

“बरं,” तो म्हणाला.

त्यानंतर निधीने वाटीत बोट बुडवलं की नाही, याची नोंद नाही. देवेंद्र तेव्हा मुद्दाम खिडकीबाहेर बघत होता, आणि नाना सांगायला तयार नाहीत.

गोष्ट खरं तर इथे संपायची. पण सोमवारी ऑफिसात चहाच्या वेळी देवेंद्रने ती आपला सहकारी संजीव याला पहिल्यापासून सांगितली, काही न लपवता. अवोकाडोच्या तीन चुळा आणि आईचं ‘बरं’ सुद्धा. संजीव ऐकत राहिला. शेवटी शेवटी त्याचे डोळे ओलावले. त्याने रुमालाने नाक पुसलं आणि देवेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “भिया, वो रजिस्टर है क्या अभी? दे ना यार. मेरा वाला लौकी नहीं खाता.”

त्या रजिस्टराच्या झेरॉक्स प्रती आजमितीस स्नेहलतागंज आणि जुन्या इंदुरातल्या सतरा घरांत चालू आहेत. सात टप्प्यांचे आता नऊ झाले आहेत. एका घरी तर सहीऐवजी अंगठा घेतात, कारण लाभार्थी दीड वर्षाचा आहे. सतराही घरांतल्या अधिकाऱ्यांना देवेंद्र ही गोष्ट सांगतो. सगळ्यांना ती आवडते, सगळे हसतात, कुणी कुणी हळवेही होतात, आणि मग विचारतात, की ब्रोकोली नेमकी पंधरा वेळा दाखवायची की सोळा.

आमचे वाचक अर्थातच तसे नाहीत. ते समजूतदार आहेत. ही गोष्ट वाचता वाचता ती कुणाला पाठवायला हवी त्याचं नाव त्यांच्या मनात आलेलं असतं: एखादी नणंद, एखादा साडू, किंवा शेजारच्या खोलीत बसलेला माणूस. आमच्या पाहणीप्रमाणे शंभरातल्या शंभर वाचकांना असं एक नाव सुचतं, आणि शंभरही जण ती ताबडतोब पाठवतात. ते नाव स्वतःचं असल्याचं अद्याप एकाही प्रकरणात आढळलेलं नाही.

बाकी काही नाही, सहज विचारतो. तुम्हाला ही कुणी पाठवली?